आघाडी कुठे अडते?

सकाळी ७.००

परसातल्या कुंपणाला प्लॅस्टिकची एक नळी ठोकलेली आहे. चार इंच तोंडाची, आणि तिच्या आत आणखी एक बारीक नळी. एक इंच पाऊस पडला की आतली काठोकाठ भरते. त्याहून जास्त झाला तर बाहेरच्या नळीत सांडतो, तो नंतर आतल्या नळीत ओतून मोजून घ्यायचा. रोज सकाळी सातला इंचाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत वाचायचं आणि आकडा पाठवायचा. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला १९९७ साली ओढ्याला असा लोंढा आला की गावाच्या एका अंगाला किती कोसळतंय याचा दुसऱ्या अंगाला पत्ता नव्हता. त्यातून पुढच्या वर्षी पाऊस मोजणाऱ्या हौशी लोकांचं हे जाळं सुरू झालं. मी हवामानखात्यात नोकरीला असूनही त्यात आहे, कारण दिवसभर दुसऱ्यांचा पाऊस मोजणाऱ्या माणसाकडे स्वतःची एक नळी असावी.

आज नळीत शून्य. शून्यही पाठवावं लागतं. लोक इथंच आळस करतात.

हवा मात्र कोरडी नाही. ऑक्टोबर अर्धा सरलाय, पण बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. मागच्या ओसरीत काल दुपारी वाळत घातलेला टॉवेल अजून दमट आहे. टेक्सासात हे लक्षण बरं नव्हे.

चहा घेता घेता फोनवर डेल रिओ आणि कॉर्पस ख्रिस्तीच्या बलूनचे आकडे उघडले. फुग्याला बांधलेली खोक्याएवढी यंत्रं तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत वर जातात आणि वाटेतलं तापमान, बाष्प, वारा कळवत राहतात. मी पहिल्यांदा एकच आकडा शोधते. जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेतलं सगळं बाष्प धुणं पिळावं तसं पिळून काढलं, तर खाली किती पाणी साचेल? आज उत्तर दोन इंचांच्या आसपास आहे. या महिन्यात दीडच्या वर गेलं तरी आम्ही कान टवकारतो.

तेवढ्यात आईचा फोन. पुण्यात संध्याकाळचे साडेपाच.

“पाऊस आहे का गं तिकडे?”

“रात्री येईल.”

“मग छत्री घेऊन जा.”

पंचवीस वर्षं हवामानशास्त्रात घालवल्यावर मिळालेला सल्ला. नेली छत्री.

दुपारी १.००

माझी पाळी खरं तर तीनची. सकाळपाळीच्या सहकाऱ्याने निरोप ठेवला होता : लवकर ये आणि डबा दोन वेळचा आण. आमचं कार्यालय मध्य टेक्सासातलं. पश्चिमेला चुनखडीच्या टेकड्या, पूर्वेला काळ्या मातीचं सपाट रान, आणि दोहोंच्या मध्ये बाल्कोनीसचा कडा. कडा म्हणायचा तो भूगोलाच्या पुस्तकापुरता. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तो शेताचा बांध वाटेल. पण मेक्सिकोच्या आखातातून येणाऱ्या ओल्या वाऱ्याला अडखळायला तेवढा बांध पुरतो. वरची माती वीतभर, खाली कातळ. पाणी मुरत नाही, सुटतं. या पट्ट्याला लोक ‘फ्लॅश फ्लड अ‍ॅली’ म्हणतात, लोंढ्यांची गल्ली. इथून ईशान्येला थ्रॉल नावाचं खेडं आहे. १९२१ च्या सप्टेंबरात तिथं चोवीस तासांत ३८ इंचांहून अधिक पाऊस पडला, म्हणजे सुमारे ९७० मिलिमीटर. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा आकडा ९४४ होता. ओळख करून देताना मी हेच सांगते. मुंबईकर लगेच गप्प होतो.

समोर सहा पडदे आहेत, तरी मी आधी कागदावर नकाशा छापते आणि निळी पेन्सिल काढते. नवी मुलं हसतात. हसू देत. प्रत्येक ठाण्याचा वारा, तापमान, दवबिंदू बघत रेघ ओढायची. सॅन अँजेलोला वारा उत्तरेचा, तापमान १४. ऑस्टिनला वारा आग्नेयेचा, तापमान ३०, दवबिंदू २३, म्हणजे जवळजवळ गिरगाव. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी थंड हवेची आघाडी. कुठे, ते हाताला कळतं. एका जागी रेघ ओढली, खोडली, दहा मैल खाली ओढली. दुपारच्या सरींनी गार केलेल्या हवेचा एक लोट आघाडीच्या पुढे निघाला होता. यंत्राने काढलेल्या रेघेत तो नव्हता.

आघाडी, म्हणजे ‘फ्रंट’, हा शब्द पहिल्या महायुद्धानंतरचा. नॉर्वेतल्या बर्गन गावी व्हिल्हेल्म ब्यर्कनेस आणि त्याच्या तरुण मंडळींनी थंड आणि उबदार हवेच्या झोंबीला रणांगणावरचं नाव दिलं. मराठीत त्याची ‘आघाडी’ झाली. महाराष्ट्रात आघाडी म्हटली की लोक विचारतात, कधी मोडणार? मी विचारते, कुठे अडणार?

कारण पळती आघाडी बिनधोक असते. उत्तरेचा वारा सुटतो, तासाभरात गारठा येतो, अर्धा इंच पाऊस, विषय संपला. पाऊस किती पडणार याचं गणित पोराटोरांचं आहे : किती जोरात गुणिले किती वेळ. जोर हवेतल्या बाष्पावरून सांगता येतो. नोकरीतलं सगळं दुखणं त्या वेळात आहे. रॉबर्ट मॅडॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली अमेरिकेतले दीडशेच्या वर लोंढे तपासले. त्यातला एक प्रकार आजच्या नकाशासारखा होता. जमिनीवर संथ झालेली आघाडी, वरचा वारा तिला आडवा नाही तर समांतर, पाऊस आघाडीच्या थंड बाजूला, आणि बहुतेक वेळा रात्री. वरचा वारा आडवा असेल तर आघाडीला ढकलतो. समांतर असेल तर ढकलायला कुणी नाही. ती बसते.

दुपारी २.३०

मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कहून देशभराच्या पावसाचा अंदाज देणारी मंडळी, फोर्ट वर्थहून नद्या बघणारी, शेजारची दोन कार्यालयं आणि आम्ही, सगळे एका फोनवर. वॉच द्यायचा यावर वाद नाही. वॉच म्हणजे तयारीत राहा, वॉर्निंग म्हणजे आत्ता हला. हा फरक आम्ही वर्षानुवर्षं समजावतोय आणि लोक वर्षानुवर्षं दोन्हीची गल्लत करतायत. वाद आहे दक्षिणेच्या कडेचा.

संगणकाच्या मॉडेलांचं मत, मोठा पाऊस उत्तरेच्या काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत. मी म्हटलं, खालच्या आणखी दोन घ्या. वादळं एकदा पेटली की त्यांच्याच पावसाने गार झालेली हवा जमिनीवर पसरते आणि आघाडीला हात देऊन खाली सरकवते. नवी वादळं मग तिथं उगवतात, जिथं ओला वारा येऊन धडकतो. मॉडेलाने काढलेल्या ठिपक्याच्या दक्षिणेला.

“कुठल्या मॉडेलात दिसतंय?” पलीकडून प्रश्न.

“कुठल्याच नाही. माझ्या जुन्या चुकीत दिसतंय.”

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी नोकरीला असताना, मी अशाच दिवशी सगळी मॉडेलं जुळली म्हणून निर्धास्त होते. आघाडी मी धरलेल्या जागेच्या तीस मैल खाली जाऊन बसली. रस्त्यावर पाणी आल्याचा फोन आधी आला आणि माझी वॉर्निंग नंतर. माणूस गेला नाही, हे माझं कर्तृत्व नव्हे. तेव्हापासून पाच मॉडेलं एका सुरात बोलायला लागली की मला झोप येत नाही.

दोन काउंट्या घेतल्या. कुरकुरत.

दुपारी ४.००

आता गिऱ्हाइकं. प्रत्येक काउंटीत आपत्तीचं काम बघणारा एक माणूस असतो. काही ठिकाणी तोच अग्निशमनही बघतो आणि रविवारी चर्चमध्ये गातो. चाळीसेक जण ऑनलाइन बसले होते. मी बाष्पाबद्दल दोन वाक्यं बोलले, आघाडीबद्दल तीन. त्यांना त्यात गोडी नसते आणि नसावीही. त्यांना कुठे आणि किती वाजता एवढंच हवं.

आज शुक्रवार. टेक्सासात शरदातल्या शुक्रवारी रात्री शाळांचे फुटबॉल सामने असतात आणि अख्खं गाव मैदानावर असतं. एकाने विचारलं, “साडेपाचचा सामना आहे. रद्द करू?”

हे मी सांगू शकत नाही, सांगू नयेही. पण नुसतं ‘शक्यता आहे’ म्हणून हात झटकणं म्हणजे त्याला तोंडघशी पाडणं. म्हटलं, “माझी मुलगी त्या संघात असती तर मी तिला खेळू दिलं असतं. पण पाहुण्या शाळेच्या बस नऊच्या आत फरशी पुलापलीकडे गेलेल्या हव्यात.”

फरशी पूल. इंग्रजीत त्याला तीन शब्द लागतात, आपल्याकडे दोनांत काम होतं. ओढ्याच्या तळाला लागून काँक्रीट टाकलेलं, एरवी टायरही न भिजणारं. टेकड्यांच्या भागात असे पूल पदोपदी आहेत. सहा इंच धावतं पाणी मोठ्या माणसाचे पाय काढतं, एक फूट पाण्यात लहान मोटार तरंगू लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. लोंढ्यात जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक गाडीत असतात. म्हणजे पाणी त्यांच्याकडे आलेलं नसतं, ते पाण्याकडे गेलेले असतात. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने उलटा प्रकार केला, तो घरांत शिरला. माझा भाऊ अरण्येश्वरला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. त्या रात्री खाली लावलेल्या गाड्या एकमेकींवर चढल्याचे फोटो त्याने पाठवले होते. मी इथं कामावर बसून ते बघत होते आणि माझ्या समोरचं आकाश निरभ्र होतं.

बैठकीत प्रश्न फार आले नाहीत. जुलै २०२५ मध्ये ग्वादालुपे नदीने एका पहाटे जे केलं, सव्वाशेहून अधिक माणसं गेली, त्यानंतर या भागात ‘रात्रीचा पाऊस’ हे शब्द उच्चारले की लोक वहीत लिहून घेतात.

संध्याकाळी ६.१५

आघाडीवर पहिली वादळं. उपग्रहाच्या चित्रात फ्लॉवरचे गड्डे एका ओळीत मांडल्यासारखी. डबा उघडला : पोळी, मेथी. अर्धाच झाला.

रात्री ८.५०

लहानपणी चित्रात पावसाचा थेंब अश्रूसारखा काढायला शिकवलं होतं. ते साफ चूक. बारीक थेंब गोल असतो. मोठा थेंब पडताना खालून हवेने दाबला जातो आणि बनपावासारखा चपटा होतो. आमचं रडार आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडतं. परत येताना आडवीला जास्त अडथळा झालेला दिसला की समजावं, चपट्या थेंबांची गर्दी आहे. गारा गडगडत येतात, त्यामुळे त्या रडारला गोलच भासतात. नुसता लाल रंग बघून घाबरायचे दिवस त्यामुळे गेले. लाल रंग गारांचाही असू शकतो. मला बनपाव हवे असतात.

आणि आता ते होते. रडारच्या हिशेबाने ताशी तीन इंच. टेकड्यांत नदी-प्राधिकरणाची पर्जन्यमापकं आहेत, त्यातल्या एकात पंधरा मिनिटांत पाऊण इंच. हा आकडासुद्धा कमीच धरायचा, कारण धो धो पावसात त्यातली उलटणारी वाटी मागे पडते.

९.१२ ला पहिली वॉर्निंग. पडद्यावर माउसने एक वेडीवाकडी चौकट काढायची. जिथं पडतोय तेवढीच नाही, ओढे जिकडे वाहतात तिकडचीही. मग खिडकीत खुणा करायच्या : आधार काय, रडार की प्रत्यक्ष पाहिलेलं, पडला किती, अजून किती पडेल, कुठली गावं. गावांची यादी यंत्र स्वतः भरतं आणि तिच्यात कधी कधी एखादं ओसाड दफनभूमीचं नाव घुसडतं. ते काढायचं. एक मिनिटाचं काम. त्या मिनिटात माझा उजवा खांदा कानापर्यंत चढतो, असं सहकारी म्हणतात.

बसचं काय झालं, ते मध्येच कळलं. सामना पाहुण्यांनी जिंकला आणि ८.४० ला ते गेलेसुद्धा.

रात्री १०.३०

आघाडी बसली. माझ्या निळ्या रेघेच्या आठ मैल खाली.

वादळं एकेकटी पाहिली तर पळतायत, ईशान्येकडे, ताशी तीस मैलांनी. पण पट्टा जागचा हलत नाही. लालबागच्या राजाची रांग आठवा. पुढची माणसं दर्शन घेऊन जातात, मागून नवी येतात, थांबलेला एकही नसतो आणि रांग मात्र तिथंच. नैर्ऋत्येच्या टोकाला दर दहा-पंधरा मिनिटांनी एक नवं वादळ उगवतंय, पट्ट्यावरून धावतंय, त्याच टेकड्यांवर रितं होतंय, मग पुढचं. इंग्रजीत याला आगगाडीवरून नाव दिलंय. मालगाडीच्या डब्यांसारखी एकामागून एक, एकाच रुळावरून. त्यात आखातावरचा खालच्या थरातला वारा रात्री जोर धरतो आणि शेपटीकडून माल भरत राहतो. दिवसा जमीन तापलेली असताना हवा ढवळली जाते आणि त्या वाऱ्याची दमछाक होते. सूर्य मावळला की त्याला मोकळं रान. लोंढे रात्रीच का येतात, याचं हे अर्धं उत्तर.

१९९८ च्या ऑक्टोबरात हीच जुळणी अख्खा दिवस टिकली. त्यात पॅसिफिकमधल्या मॅडलिन आणि लेस्टर या चक्रीवादळांचं बाष्प वरून आलेलं. काही जागी वीस इंचांहून जास्त, ३१ माणसं गेली. २०१३ आणि २०१५ ला, दोन्ही वेळा ऑक्टोबरच्या अगदी शेवटी, ऑस्टिनच्या दक्षिणेचा ओनियन क्रीक घरांत शिरला. तिथली शेकडो घरं पालिकेने विकत घेऊन पाडली. आता तिथं गल्ल्या आहेत, दिव्याचे खांब आहेत, घरं नाहीत.

रात्री ११.२०

साध्या वॉर्निंगने लोकांचे फोन वाजत नाहीत. पूर्वी वाजायचे. इतके वाजायचे की लोकांनी बंद करून टाकले. आता आम्ही पुढची पायरी लावली, म्हणजे नुकसान मोठं आणि जिवाला धोका, तरच चौकटीतला प्रत्येक फोन किंचाळतो. एका खुणेचा फरक. ती खूण करायची म्हणजे हजारो झोपलेल्या माणसांच्या उशाशी जाऊन ओरडायचं. उगाच ओरडलं तर पुढच्या वेळी ते उठणार नाहीत. नाही ओरडलं तर…

एका काउंटीच्या नियंत्रण कक्षात फोन लावला होता. पलीकडची बाई सांगत होती, ओढ्याने रस्ता गिळलाय, फरशी पुलाजवळ एक पिकअप अडकलाय, चालक टपावर चढून बसलाय, बोट निघाली आहे. नकाशात तो ओढा म्हणजे केसाएवढी निळी रेघ. पाणी मोजणारं ठाणं तिच्यावर नाही. रडारच्या मते तीन तासांत सहा इंच. ती बोलत असतानाच मी खूण केली, मजकुरावर नजर फिरवली, पाठवलं.

चारेक सेकंद. मग माझ्या कानातल्या फोनमधून तिच्या टेबलावरच्या मोबाइलची ती कर्कश शिटी ऐकू आली. पाठोपाठ त्या खोलीतली सगळ्यांची.

“तुमचीच का?” ती म्हणाली.

“माझीच.”

“बरं झालं. आता ठेवते, सगळ्या लाइनी पेटल्या आहेत.”

रात्री १.४०

चालक सुखरूप. बोटवाल्यांना म्हणाला, रोजचा रस्ता आहे माझा. प्रत्येक जण हेच म्हणतो.

हट्टाने घेतलेल्या दोन काउंट्यांपैकी एकीत साडेचार इंच. दुसरीत शिंतोडा. पहिलीतून कुणी आभाराचा फोन करणार नाही, दुसरीतून सोमवारी नक्की येईल : शनिवारचं लग्न आम्ही उगाच मंडपातून हॉलमध्ये हलवलं. मी ऐकून घेईन. फोन करणाराही खोटं बोलत नसणार.

पश्चिमेकडून वरच्या हवेतली द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, आता जवळ आली होती आणि वारा आडवा होऊ लागला होता. पट्ट्याची शेपटी तुटली. नवं वादळ उगवायचं ठरलेलं होतं तिथं नुसता फिकट हिरवा डाग. आघाडीला अखेर कुणीतरी धक्का दिला.

पहाटे ३.३०

रात्रपाळीच्या मुलाला सगळं समजावून दिलं. पाऊस सरला, पण पाणी अजून वाटेत आहे. टेकड्यांत पडलेलं खालच्या नदीला पोचायला सकाळ होईल आणि तेव्हा ऊन पडलेलं असेल. निळ्या आकाशाखाली पूर आलेला लोकांना पटत नाही, म्हणून सकाळच्या मजकुरात ते पहिल्या वाक्यात लिही, असं त्याला सांगितलं. माझा कागदी नकाशा त्याने घडी करून मागितला. हसला नाही.

गाडीत छत्री मागच्या सीटवर तशीच पडली होती.

सकाळी ७.००

तीन तास झोप. नवरा चहा टाकून वर्तमानपत्र उघडून बसला होता. “एवढी रात्र जागलीस ती कशासाठी? इथं तर रस्ताही धड भिजला नाही.”

शाल घेऊन परसात गेले. उत्तरेचा कोरडा वारा, आकाश घासूनपुसून ठेवल्यासारखं. नळीत इंचाचे सात शतांश, वर एक बुडालेला डास. इथून चाळीस मैलांवरच्या माझ्यासारख्याच एका नळीवाल्याने नऊ इंच नोंदवले होते. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझ ९४४ असताना कुलाब्याला शंभरही भरले नव्हते. माझे ०.०७ पाठवले, डास झटकला, नळी परत लावली.

ओसरीतला टॉवेल खडखडीत वाळला होता.